जव्हार-मोखाड्याची शेती, जंगल आणि ताट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, म्हणजे जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड तालुक्यांत अन्न, शेती आणि कुपोषण या विषयांवर काम करायला येणारे कार्यकर्ते, नवे ग्रामसेवक, शिक्षक, विद्यार्थी आणि मदत करू इच्छिणारे शहरातले लोक साधारण हेच प्रश्न विचारतात. इथल्या तरुण शेतकऱ्यांचेही काही प्रश्न यात घेतले आहेत.

इथे पाऊस धो धो पडतो. मग अन्नाचा प्रश्न कसा काय?

पाऊस वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो हे खरं, पण तो चार महिन्यांत पडून जातो. जमीन उताराची, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. पाणी मुरत नाही, ओढ्याला लागतं आणि निघून जातं. फेब्रुवारी-मार्चमध्ये विहिरी तळ गाठतात आणि बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. मोखाड्यातल्या वैतरणेवर मध्य वैतरणा धरण झालं, २०१४ पासून त्याचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. ही गोष्ट इथल्या माणसाला सांगावी लागत नाही, बाहेरून येणाऱ्याला मात्र पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे.

पाणी नाही म्हणून दुसरं पीक नाही. दुसरं पीक नाही म्हणून दिवाळी झाली की घराला कुलूप लावून माणसं वीटभट्टीवर, बांधकामावर, भिवंडी-वसईकडे किंवा नाशिकच्या द्राक्षबागांत जातात. बरोबर लहान मुलं जातात. ज्या मुलाचं वजन अंगणवाडीत कसंबसं वाढलेलं असतं, ते भट्टीवरच्या चार-पाच महिन्यांत पुन्हा उतरतं. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतले कुपोषणाचे बालमृत्यू राज्यभर गाजले. त्यानंतर योजना पुष्कळ आल्या, काहींचा चांगला उपयोगही झाला, पण दिवाळीनंतरचं स्थलांतर थांबलं नाही. माझ्या मते इथल्या अन्नप्रश्नाची मुख्य गाठ तिथेच आहे.

रेशनवर तांदूळ-गहू फुकट मिळतो. तरी कुपोषण का?

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. या धान्याने मोठा आधार दिला आहे आणि त्याला नाव ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण ते फक्त धान्य आहे. त्यात डाळ, तेल, भाजी, अंडं, दूध काही नाही. तांदळाने पोट भरतं, वर्षभराच्या बाळाची वाढ मात्र होत नाही. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं भरवावं लागतं, आणि आई सकाळी आठला आवणीला, म्हणजे भातलावणीला, गेली की संध्याकाळी परत येते. कुपोषणात ताटाइतकाच आईच्या वेळेचा, पिण्याच्या पाण्याचा, जुलाब-तापाचा आणि मुलींच्या लवकर होणाऱ्या लग्नांचा वाटा आहे. त्यामुळे शेती सुधारली की कुपोषण आपोआप जाईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

वर्षातले सगळ्यात कठीण महिने कोणते?

आषाढ ते भाद्रपद. घरातलं धान्य संपलेलं असतं, नवं आलेलं नसतं आणि शेतात कामाचा जोर सर्वांत जास्त असतो. पूर्वी याच दिवसांत सावकाराकडून खावटी, म्हणजे खाण्यापुरतं उसनं धान्य, घ्यायची आणि सुगीला दीडपट-दुप्पट फेडायची, अशी रीत होती. सरकारने खावटी कर्जाची योजना याचसाठी आणली आणि २०२० मध्ये कुटुंबामागे ४ हजार रुपयांचं खावटी अनुदान मंजूर केलं, निम्मं रोख आणि निम्मं वस्तुरूपात.

या महिन्यांवर जुन्या माणसांचा स्वतःचा तोडगा होता: हळवी, म्हणजे लवकर पिकणारी, पिकं. वरई आणि हळवी नागली (नाचणी) आधी हाताशी येते, हळवं भात त्याच्या मागोमाग, गरवं (उशिरा पिकणारं) भात शेवटी. एकाच शेतकऱ्याकडे तीन-चार मुदतीचे वाण असायचे. सगळ्यांनी एकच जास्त उत्पन्नाचा वाण लावला तर एकूण पोती वाढतील, पण भाद्रपदातली चूल थंड राहील. वाण निवडताना 'एकरी किती' याच्याबरोबर 'केव्हा' हेही विचारायला हवं.

नागली-वरई लोकांनी का कमी केली?

कारणं सरळ आहेत. नागली वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या, उतारावर होते, तिथे माती धुपत गेली. राबाला, म्हणजे रोपं टाकायच्या आधी जमीन भाजायला, पालापाचोळा आणि शेण लागतं, गुरं कमी झाली. लावणी, बेणणी (निंदणी), कापणी सगळं हाताने. आणि वरई खायची म्हणजे आधी ती कांडायची. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईने रात्री उखळात मुसळ घालायचं आणि मगच वरईचा भात शिजायचा, हे किती वर्षं चालावं? रेशनचा तांदूळ आयता मिळाल्यावर तिने वरई सोडली यात तिचा काही दोष नाही.

म्हणूनच भरडधान्यांवर भाषणं करण्याआधी गावात वरई भरडण्याचं छोटं यंत्र आणा. ते महिला गटाच्या ताब्यात द्या, वीज आणि दुरुस्तीची सोय बघा. जिथे भरडायची सोय जवळ आली तिथे वरई पुन्हा ताटात येते.

नागलीच्या पोषणाबद्दल जे सांगतात ते खरं आहे का?

कॅल्शियमबद्दल पूर्ण खरं आहे. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पॉलिश केलेल्या तांदळात १० च्या आसपास. तंतू आणि लोहही तांदळापेक्षा जास्त. मोड आणून, वाळवून, दळलेलं नागलीचं सत्त्व लहान मुलांना पचायला सोपं. फक्त नागली म्हणजे औषध नव्हे. भाकरीबरोबर उडीद किंवा तुरीची डाळ, खुरासणीची (कारळ्याची) चटणी, एखादी पालेभाजी असं ताट झालं तर उपयोग. खरं तर हे इथलं जुनंच ताट आहे.

आता भरडधान्याला भाव आलाय. मग विकायची की खायची?

भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, शहरात नागलीची बिस्किटं आली आणि गावात व्यापारी विचारू लागले. नागलीचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ४,८८६ रुपये आणि खुरासणीचा ९,५३७ रुपये ठरला. वरई मात्र केंद्राच्या हमीभावाच्या यादीत नाही. शिवाय हमीभाव कागदावर असून चालत नाही, खरेदी केंद्र पाड्यापासून जवळ आणि सुगीच्या वेळी उघडं असलं पाहिजे. नाहीतर दिवाळीच्या खर्चासाठी माल पडत्या भावाने दुकानदाराकडे जातो.

माझं मत स्पष्ट आहे: आधी घरचं वर्षाचं, मग बियाण्याचं, उरेल ते बाजाराचं. नागली विकून आलेल्या पैशात पांढरा तांदूळ आणि पुड्यातला खाऊ घरात आला, तर हिशेबाच्या वहीत उत्पन्न वाढलेलं दिसेल आणि मुलाचं वजन घटलेलं. वारली लोक कणसरीला धान्याची देवी मानतात. त्या घरात नागलीची कणगी रिकामी करून विक्री वाढवणं हे यश कसं म्हणायचं? उत्पादक कंपनी किंवा गट चालवणाऱ्यांनी प्रत्येक घराने किती ठेवलं हेही नोंदवावं, फक्त किती विकलं एवढंच नव्हे.

विकायचंच असेल तर धान्यापेक्षा पीठ, सत्त्व, निवडलेली वरई विकावी. मात्र त्यासाठी अन्नपरवाना, वजनकाटा, पॅकिंग आणि हिशेब ठेवणारी एक चोख व्यक्ती लागते. ही व्यक्ती नसेल तर घाई करू नये.

गावरान बियाणं जपणं म्हणजे भावनिक गोष्ट नाही का?

ज्यांनी ऑक्टोबरच्या अवकाळी पावसात उभं पीक आडवं झालेलं पाहिलंय, त्यांना ती भावनिक वाटत नाही. एका शेतात तीन वाण असतील तर एखादा वाचतो. उंच वाण पेंढा देतो, तो गुरांना आणि छपराला. विद्यापीठाच्या सुधारित वाणांना माझा विरोध नाही. दापोली कृषी विद्यापीठाचे वाण इथे घेतले जातात आणि डहाणूजवळच्या कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रातून शेतकऱ्यांना पुष्कळ शिकायला मिळालं आहे. अडचण येते ती दरवर्षी विकत घ्यावं लागणाऱ्या संकरित भातबियाण्याची. ज्याच्याकडे जूनमध्ये हातात पैसा नाही, त्याचं पेरणीचं बियाणं त्याच्याच घरात असलं पाहिजे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं काम सगळ्यांना माहीत आहे. 'बायफ' या ग्रामविकास संस्थेच्या साथीने उभी राहिलेली त्यांची बीज बँक, २०१८ च्या बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत आलेलं नाव आणि २०२० साली जाहीर झालेली पद्मश्री. पुरस्कारांपेक्षा मला त्यांच्या कामातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: बियाणं त्यांनी परसातल्या वाल-घेवड्यापासून जमवलं. आपल्याकडेही सुरुवात तिथूनच करावी. भाताची चर्चा पुरुष करतात, परसातलं बी बाईच्या हातात असतं.

आम्हाला पाड्यावर बीज बँक करायची आहे. नेमकं काय करायचं?

खोली आणि फलक नंतर. आधी बी निवडायला शिका, आणि ते उभ्या शेतात शिका. खळ्यावर आल्यावर सगळं धान्य सारखंच दिसतं.

नागलीचं घ्या. पीक पोपटी असताना एकदा आणि कणीस तपकिरी होऊ लागल्यावर पुन्हा एकदा शेतातून फिरा. बांधाकडची झाडं सोडा, त्यांना मोकळी जागा आणि जास्त खत मिळालेलं असतं, त्यांचा जोम खोटा. आतल्या भागातली, शेजाऱ्यांच्या गर्दीतही भरलेली, रोग नसलेली, सगळे फुटवे एकाच वेळी पिकलेली झाडं निवडा आणि त्यांना रंगीत चिंधी बांधा. ही कणसं वेगळी कापा, वेगळी वाळवा, काठीने हलकेच झोडा. दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत उन्हात वाळवा. मग मडक्यात भरा. कडधान्य असेल तर चाळलेली राख मिसळा, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला, तोंड शेणमातीने लिंपून टाका. मडक्यावर वाणाचं नाव, कुणाच्या शेतातलं, कोणत्या वर्षीचं, एवढं लिहा. नागली नीट वाळली तर वर्षानुवर्षं टिकते. उडीद-तुरीला मात्र भुंगा लागतो, ते दरवर्षी नवं करावंच लागतं.

मे महिन्यात उगवण तपासा. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, रोज शिंपडा, चार-पाच दिवसांनी उघडून मोजा. ८० च्या वर मोड आले तर उत्तम. ६० असतील तर जास्त बी टाकावं लागेल हे घेणाऱ्याला आधीच सांगा.

देवघेवीची रीत सोपी ठेवा: एक पायली नेली तर सुगीला दोन पायली परत. पीक बुडालं तर पुढच्या वर्षी. वहीवर सही-अंगठा. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा: एका वाणाचं बी किमान तीन घरांत असू द्या. एकाच खोलीत सगळं ठेवलं आणि पत्र्यातून गळलं किंवा उंदीर लागले, तर वाण गेला.

भात, नागली, वरई यांत परागीभवन बहुतेक स्वतःचं स्वतः होतं, म्हणून वाण शुद्ध राखणं सोपं. काकडी, भोपळा, दोडका यांचं तसं नाही. दोन जातींचे भोपळे शेजारी लावले तर पुढच्या वर्षी वेलीला काय लागेल सांगता येत नाही.

गावरान बियाणं दुसऱ्याला देणं किंवा विकणं बेकायदेशीर आहे का?

नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बियाणं राखून ठेवायचा, पेरायचा, वाटायचा, अदलाबदल करायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. बंधन एवढंच की संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

राब भाजणं बंद करावं का?

उगाच बंदीची भाषा करू नये. राब भाजल्याने तण मरतं, राख मिळते, रोपं जोमदार येतात. पिढ्यांचा अनुभव आहे. तोटा असा की फांद्या छाटून छाटून झाडं खुरटतात आणि गोळा करण्यात बायकांचे उन्हाळ्याचे दिवस जातात. पर्याय आहेत: गादीवाफे, कुजलेलं शेणखत, भाताच्या तुसाची राख, बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलणीत. रोपं कमी लावायची, चुडात, म्हणजे एका जागी, दोन-तीन, म्हणजे रोपवाटिका लहान लागते आणि राबही लहान होतो. एका कोपऱ्यात करून दाखवा. शेजारच्या वाफ्यात फरक दिसला की माणसं स्वतःहून विचारतात.

वाडी योजना खरंच उपयोगी पडली का?

जिथे नीट झाली तिथे हो, आणि चांगलीच. आदिवासी कुटुंबाच्या एक एकरभर हलक्या जमिनीत आंबा-काजूची कलमं, मध्ये आंतरपीक आणि भोवती कुंपणाला जंगली झाडं, ही कल्पना 'बायफ'ने १९८२ पासून गुजरातच्या वांसद्यात राबवली, पुढे ती जव्हारकडे आली, आणि नाबार्डच्या आदिवासी विकास निधीने ती देशभर नेली. केसर आंबा आणि वेंगुर्ल्याच्या काजूची कलमं इथल्या उतारावर उभी राहिली.

कसोटी असते पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांची. कलमाला खांद्यावरून पाणी घालायला माणूस घरी हवा, आणि नेमका तेव्हाच तो भट्टीवर असतो. त्यामुळे पहिल्या वर्षांत खड्डे, दगडी बांध, पाणी घालणं या कामांना रोजगार हमीतून मजुरी मिळाली आणि ती वेळेवर मिळाली, तरच वाडी जगते. मजुरी चार महिन्यांनी आली तर कुटुंब तोपर्यंत निघून गेलेलं असतं. वणवा, वाळवी आणि मोकाट गुरं हे बाकीचे शत्रू.

दिवाळीनंतर पाणी आणायचं कुठून?

लहान उपायांपासून सुरुवात करा. पाऊस ओसरत असताना, ओढा अजून वाहत असतो तेव्हा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालता येतो. खर्च जवळजवळ शून्य, लागतात फक्त हात आणि एक दिवस. त्या अडलेल्या पाण्यावर वाल, हरभरा, मेथी, मुळा, टोमॅटो निघतो. कुटुंब निदान दोन महिने जास्त थांबतं. वाडीसाठी प्लास्टिक अंथरलेलं जलकुंड, विहिरीचं पुनर्भरण, ओढ्याच्या वरच्या अंगाला समतल चर, आणि जिथे ओढा वाहता राहतो तिथे गटाने सौरपंप.

पण पाणी आलं तरी एक प्रश्न उरतो, आणि बाहेरच्यांना तो दिसत नाही: कापणी झाली की गुरं मोकळी सोडायची प्रथा. एकट्याने हरभरा पेरला तर तो गावच्या गुरांचा चारा होतो. ग्रामसभेत बसून अमुक शिवारात होळीपर्यंत चराई बंद, गुरांसाठी तमुक माळ राखीव, राखणीला गावाने गुराखी ठेवायचा, असा ठराव झाल्याशिवाय रब्बीच्या बियाण्यावर पैसा घालू नका.

मोगरा किंवा स्ट्रॉबेरीसारखं नगदी पीक घ्यावं का?

मोगऱ्याने जव्हार-विक्रमगडच्या अनेक घरांना स्थलांतरापासून वाचवलं आहे. थोड्या जागेत होतो, फुलं दादरच्या बाजारात जातात, हाती रोज पैसा येतो. थोड्या गुंठ्यांत जरूर करावा. भाताची खाचरं मोडून करू नये. स्ट्रॉबेरी देखणी आहे, पण रोपं, पाणी आणि वाहतूक या तिन्हींचा भरवसा असणाऱ्यानेच त्यात पडावं.

रानभाज्यांचा विचार शेतीबरोबर का करायचा?

कारण श्रावणातल्या ताटाचा तो मोठा हिस्सा आहे. पहिल्या पावसाबरोबर शेवळं, मग टाकळा, कुर्डू, कोरळ, फोडशी, बांबूचे कोंब, कंटोळी, अळंबी. यात ज्ञानही आहे. शेवळं तशीच शिजवली तर घशाला खाज सुटते, म्हणून त्यात काकडाच्या झाडाची आंबट फळं घालतात. कोणता कंद किती पाण्यात धुवायचा, कोणतं अळंबं सोडायचं, हे म्हाताऱ्या बायकांना ठाऊक आहे आणि शाळेत जाणाऱ्या नातींना ते सांगायला सवड काढली पाहिजे. ऑगस्टमध्ये कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, ते चांगलंच. पण विक्रीसाठी शेवळं मुळापासून उपटली जाऊ लागली तर काही वर्षांत ती दिसणार नाहीत. कंद जमिनीत ठेवून वरचा दांडा तेवढा काढावा.

जंगल टिकवायचं तर हक्क हातात हवा. २००६ च्या वनहक्क कायद्यात वैयक्तिक जमिनीबरोबर गावाचा सामूहिक वनहक्कही आहे, ज्यात वनोपज गोळा करणं आणि जंगलाचं व्यवस्थापन करणं दोन्ही येतं. लोक वैयक्तिक दाव्यामागे धावतात, ते स्वाभाविक आहे, पण सामूहिक दावा मागे पडतो. त्याची फाईल ग्रामसभेने सोडू नये.

अंगणवाडीत स्थानिक अन्न आणता येईल का?

येईल आणि आणायलाच हवं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला अंगणवाडीची कल्पना रुजवली, ती भूमी याच जिल्ह्यात आहे. २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण आणि मुलांना अंडी किंवा केळी देतात. ही अंडी शहरातून येण्याऐवजी पाड्यावरच्या महिला गटाच्या कोंबड्यांची असू शकतात, भाकरी गावच्या नागलीची असू शकते. अडतं ते बिल वेळेवर निघण्यापाशी. गटाच्या बायका दोन-तीन महिने उधारीवर अंडी देऊ शकत नाहीत. आहार समितीने आगाऊ रक्कम ठेवावी, हा साधा उपाय आहे.

आम्ही मुंबई-ठाण्यात राहतो. काय करू शकतो?

जुने कपडे आणि फराळाची पाकिटं घेऊन येऊ नका. गटाकडून वर्षभर ठरावीक नागली, वरई, उडीद घ्यायचं कबूल करा, सुगीआधी निम्मे पैसे द्या, आणि घरांनी स्वतःचं ठेवून उरलेलंच तुम्हाला मिळेल हे मान्य करा. सोसायटीतली दहा घरं एकत्र आली तरी एका गटाचा वाहतूकखर्च परवडतो. उन्हाळ्यात टँकर पाठवण्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये बंधाऱ्याला चार हात घेऊन या, रिकाम्या गोण्या तुमच्याकडच्या बांधकामांवर हव्या तेवढ्या मिळतात.

हे सगळं दिसायला किती वर्षं लागतात?

बीज बँक दोन हंगामांत चालू लागते. बंधाऱ्याखालची भाजी त्याच वर्षी ताटात येते. कलमांना चार-पाच वर्षं. चराईचा ठराव कधी पहिल्या बैठकीत होतो, कधी भांडणं मिटायला तीन वर्षं जातात. प्रगती मोजायची असेल तर दरवर्षी पौष महिन्यात पाड्यावर जा आणि किती दारांना कुलूप आहे ते मोजा. मग ज्या घरांत चूल पेटलेली आहे तिथे बसून विचारा, या वर्षी थांबता कशामुळे आलं. पुढच्या वर्षीच्या कामाची यादी त्या उत्तरांवरून करा.